पुंडलिकभाऊ, लॉट पास झाला

पुंडलिकभाऊ,

तुम्ही अडवून ठेवलेला लॉट पास झाला. तुमच्या जागेवर नवा माणूस बसवला आहे. त्याने ड्रॉइंग पाहिलं, माझा रिपोर्ट पाहिला आणि सांगितलेला चहा यायच्या आत पिवळी चिठ्ठी काढून हिरवी लावली. "सर, यात अडवण्यासारखं काही नाहीच," असं मला म्हणाला.

हेच वाक्य मी तुम्हाला आठवडाभर ऐकवत होतो. म्हणजे मी जिंकलो. आनंद व्हायला हवा होता, निदान सुटलो असं तरी वाटायला हवं होतं. मी मात्र तुमच्या टेबलासमोर उभाच राहिलो. तो नवा माणूस दोनदा म्हणाला, "सर, झालं की." मला वाटत होतं, कुठं काय झालं? अजून तर सुरुवातही झालेली नाही.

लॉट पास झाल्याचं कोणाला सांगावं ते कळेना. आमच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं तर मालक म्हणाले, "बरं झालं, पुढचं बघा." घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "ते गेले ना हो? मग आता कशाला तेच?" तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं, म्हणून तुम्हालाच लिहितो.

आपली ओळख भांडणातून झाली. मी अकोल्याच्या एमआयडीसीत, पोलाद कापून सुटे भाग करणाऱ्या लहान मशीनिंग शॉपमध्ये मापं तपासणारा. तुम्ही अमरावतीला, डाळीच्या पुड्या भरणारी मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात, बाहेरून आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवणारे. आमच्याकडून तुमच्याकडे कॅम प्लेट यायच्या. तळहाताएवढी, अंड्याच्या आकाराची पोलादी प्लेट. ती फिरते तसा मशीनचा जबडा उघडतो, मिटतो आणि डाळीची पुडी बंद होते. त्या प्लेटच्या वाकड्या कडेसाठी आपण इतकी वर्षं भांडलो, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल.

पहिलाच लॉट तुम्ही परत पाठवला होता. मी रिपोर्टची कागदं घेऊन तणतणत बसने आलो. कडेला टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, होता ०.२ मिलिमीटर. आमची प्लेट आदर्श रेषेच्या कुठे ०.१२ बाहेर होती, तर कुठे ०.०२ आत. मी म्हटलं, "साहेब, एकूण फरक ०.१४. ०.२ च्या आतच आहे. तुम्ही रिजेक्ट कसा काय केला?"

तुम्ही खिशातून खडू काढून टेबलाच्या पत्र्यावर एक वाकडी रेघ ओढलीत, मग तिच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा.

"हा रस्ता हाय," तुम्ही म्हणालात. "आन् हा मधातला पट्टा. रस्ता ०.२ चा. म्हंजे पट्ट्याच्या इकडे ०.१, तिकडे ०.१. तू इकडून ०.१२ गेला. म्हंजे कुठी गेला?"

"थोडासा बाहेर."

"नालीत गेला. तिकडची जागा खाली होती म्हनून तुले इकडे कोन जास्त देईन?"

मी चिडलो. तुमच्या रिपोर्टमध्ये निकाल ०.२४ लिहिला होता. मी विचारलं, "हे ०.२४ तुम्ही कुठून आणलं? प्लेटवर एवढा फरक कुठेच नाही." तुम्ही शांतपणे सांगितलंत, सर्वांत वाईट जागा धरायची, तिची दुप्पट करायची आणि मग ती ०.२ शी ताडायची. मला ती दुप्पट म्हणजे निव्वळ अन्याय वाटली. रात्रभर पुस्तकं चाळली. दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला, पण "तुमचं बरोबर आहे" हे तोंडातून निघेना. मी म्हटलं, "प्लेटा दुरुस्त करून पाठवतो." तुम्ही म्हणालात, "दुरुस्त तर तू झाला बाप्पा, प्लेटा होतीनच." मला त्या दिवशी ते झोंबलं होतं. आता लिहिताना हसू येतंय आणि काय करावं ते कळत नाही.

एकदा मीही तुम्हाला धरलं होतं. एका ड्रॉइंगवर टॉलरन्सच्या आकड्यापुढे गोलात यू हे अक्षर होतं. म्हणजे रस्ता पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सारखा नाही, बाहेर कमी आणि आत जास्त. तुम्ही सवयीने निम्मा-निम्मा केलात आणि चांगला माल नापास ठरवलात. मी ते अक्षर बोटाने दाखवलं. तुम्ही चष्मा वर केलात, खाली केलात, पुन्हा वर केलात. मग बाहेर जाऊन स्वतःच्या हाताने दोन चहा घेऊन आलात. "माझं चुकलं" असं म्हणाला नाहीत. चहात साखर मात्र भल्ली टाकली होती.

वांग्यांचं सांगितलंच पाहिजे. आमचं घर बार्शीटाकळीकडचं, भाजीपाला आणि फुलं करणारं. मी नोकरीत शिरलो, शेती भाऊ पाहतो. दुसऱ्यांदा आलो तेव्हा त्याने पिशवीभर वांगी दिली होती. ती मी तुमच्या टेबलाखाली ठेवली. तुम्ही म्हणालात, "आधी माल पाहू दे." माल पास झाला. तुम्ही पिशवी माझ्या हातात परत दिलीत. "आता हे घेतले तर लोक म्हनतीन, वांग्यावर माल पास केला. जा घेऊन."

पुढच्या खेपेला माल नापास झाला. मी तोंड पाडून निघालो तर मागून हाक आली, "अबे प्रमोद, वांगे कुठी आहेत?"

"माल तर रिजेक्ट केला ना भाऊ तुम्ही."

"म्हनूनच तर. आता कोन काय म्हनन? आन इकडे."

तेव्हापासून तोच रिवाज झाला. माल पास झाला की वांगी परत अकोल्याला, नापास झाला की तुमच्या घरी बडनेऱ्याला. आमचा टेम्पोवाला लांबून विचारायचा, "पिशवी रिकामी का भरेल?" त्यावरूनच त्याला निकाल कळायचा. भाऊ एकदा म्हणाला, "तुहा तो साहेब आपले वांगे खातो का नाई?" मी म्हटलं, "खातात, पण त्या दिवशी मला जेवण जात नाही."

एकदा मी मोजायच्या यंत्राची सुई कडेला थोड्याच ठिकाणी टेकवून प्लेट मोजली आणि पास केली. तुम्ही तीच प्लेट बारीक बारीक अंतरावर, शेकडो ठिकाणी टेकवून मोजलीत. ती नापास झाली. मी म्हटलं, "भाऊ, असं शोधत बसलं तर जगातली एकही प्लेट पास होणार नाही." तुम्ही विचारलंत, "तुले बरोबर पायजे का पास पायजे?" मी म्हटलं, "दोन्ही." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मलेही." त्यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. किती ठिकाणी मोजलं म्हणजे पुरे, हे ड्रॉइंग सांगत नाही. प्रत्येक लॉटला आपण नव्याने ठरवायचो आणि नव्याने मोडायचो.

घरचं तुम्ही फार काढायचा नाहीत. परतवाड्याकडे काळ्या मातीचं वावर आहे, ते धाकटे भाऊ वाहतात, एवढंच मला माहीत. एकदा तुम्ही विचारलंत, "घरी काय सांगतो तू, काय काम करतो म्हनून?" मी म्हटलं, "मोजतो म्हणून सांगतो." तुम्ही म्हणालात, "म्या सांगतलं, पास-नापास करतो. बायकोले लय दिवस वाटे, मी शाळेत पेपर तपासतो." आपण दोघं खूप हसलो. त्यामागची गोष्ट मला तेव्हा कळली नाही. तुमच्या घरात तुमच्या कामातलं काहीच पोचत नव्हतं आणि त्यामुळे मीही पोचलो नसेन, असं मी धरून चाललो.

आता शेवटचा लॉट. त्याच्याबद्दल लिहिताना माझा गोंधळ होतो, तो मी लपवत नाही.

ड्रॉइंग नवं होतं. कडेचा टॉलरन्स नेहमीसारखा ०.२, पण त्याच्यापुढच्या चौकटीत अक्षरं नव्हती. एरवी तिथे ए, बी, सी असायचं. म्हणजे प्लेट या सपाट बाजूवर ठेवा, या मधल्या भोकात बसवा, त्या बाजूच्या लहान भोकाने तिचं फिरणं अडवा आणि मग कड मोजा. या वेळी तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी वाचलं ते असं: अक्षरं नाहीत म्हणजे नुसता आकार पाहायचा. तो भोकांच्या मानाने कुठे बसला आहे, हे ड्रॉइंग विचारतच नाही. मी मोजायच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं. त्याने प्लेटची कड आदर्श आकारावर सरकवून, फिरवून जास्तीत जास्त जुळवली. निकाल एकदम सुरेख आला.

तुम्ही तीच प्लेट भोकांना बांधून मोजलीत. एका बाजूला कड ०.१७ बाहेर. कारण आम्ही भोकं एका पकडीत मारली होती, मग प्लेट सोडवून पुन्हा पकडली आणि कड त्या दुसऱ्या पकडीत कापली होती. आकार बरोबर होता, पण भोकांच्या मानाने किंचित फिरलेला.

"भाऊ, ड्रॉइंगमध्ये अक्षरं नाहीत," मी म्हटलं.

"मशीनमधी तर भोकं हायेत नं."

"पण मला ड्रॉइंगप्रमाणे माल द्यायचा आहे."

"आन मले मशीन चालवाची हाय."

"मग डिझाइनवाल्या मॅडमला सांगा, चूक त्यांची आहे. माझा लॉट का अडवता?"

"काहून का, मले माहीत हाय हे चूक हाय. माहीत असून कसा सोडू?"

"आणि मला माहीत आहे की हे ड्रॉइंगप्रमाणे बरोबर आहे. मी कसं कबूल करू?"

आठवडाभर हेच चाललं. तुम्ही पिवळी चिठ्ठी लावून माल बाजूला ठेवला. पास नाही, नापासही नाही. तुमच्याकडून असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तुम्ही नेहमी त्याच दिवशी निकाल द्यायचात. तिकडे मशीनं जोडायची थांबली होती, इकडे मालक माझ्या डोक्यावर बसले होते. मी फोनवर तुम्हाला जरा जास्तच बोललो. तुम्हीही बोललात. "तू कागद वाचतो, मी प्लेट वाचतो," असं काहीतरी म्हणालात आणि मला ते फार लागलं, कारण मी प्लेट वाचत नाही असं तुम्ही कधी म्हणाल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तुमचाच फोन आला. मी भावाच्या शेतात होतो. मागे गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तुम्ही बडनेरा स्टेशनजवळ असणार.

"प्रमोद, तू म्हनतो ते बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "ड्रॉइंगात अक्षरं नाईत तर नाईत. मानलं म्या. पन..."

मग भोंगा वाजला. तुम्ही काहीतरी बोललात, मला ऐकू आलं नाही. मी "काय? काय भाऊ?" करत राहिलो.

"गाडी आली बाप्पा. काई ऐकू येऊन नाई राहिलं. तू सोमवारी ये. बसू."

रविवारी सकाळी तुमच्या कारखान्याच्या गेटवरच्या माणसाचा फोन आला. अंगणात झाडांना पाणी घालताना तुम्ही खाली बसलात आणि उठलाच नाहीत, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, "कोणते पुंडलिकभाऊ?" जसे काही माझ्या ओळखीचे पुष्कळ पुंडलिकभाऊ होते.

मी बडनेऱ्याला पोचलो तेव्हा तुम्हाला बाहेर आणत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, तुमचे कोणी मामा असावेत, मला विचारलं, "तुम्ही कोन? नात्यातले का कामावरचे?"

मी नात्यातला नव्हतो. तुमच्या कामावरचाही नव्हतो, मी तर समोरच्या बाजूचा. मित्र म्हणावं तर तुम्ही कधी माझ्या घरी आला नाहीत, मी तुमच्या घराचा उंबरा पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हटलं, "अकोल्याहून आलो." त्यांनी मान हलवली, जणू तेही एक नातंच आहे.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. वहिनी आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. वहिनींनी मान वर केली आणि मला विचारलं, "तुमी वांगेवाले भाऊ का?"

मी काय सांगणार होतो? मी म्हटलं, "हो."

"लय सांगत तुमचं," त्या म्हणाल्या. "अकोल्याचे वांगे आले म्हने की मी समजो, आज हे खुशीत नाईत. चिडून येत आन् वांगे टेबलावर ठेवत. पन भाजी झाली की दोन वेळा घेत. मंग म्हनत, पोट्टा चांगला हाय, ऐकत नाई पन."

मी चाळिशी ओलांडली आहे, पुंडलिकभाऊ. पोट्टा कोणाला म्हणता?

मग वहिनींनी जे सांगितलं, त्याने माझं डोकं अजून फिरतंय. त्या म्हणाल्या, "शनिवारी स्टेशनकून आले तर म्हने, सोमवारी वांगे येनार हायेत, शेंगदाने भाजून ठेव. म्या ठेवलेही. ते तसेच डब्यात हायेत."

म्हणजे काय समजायचं मी? मला फोनवर तुम्ही सांगितलंत, तुझं बरोबर आहे. आणि घरी जाऊन सांगितलंत, वांगी येणार. वांगी तुमच्या घरी कधी येतात, हे तुम्हाला आणि मला चांगलं माहीत होतं. माल नापास झाला तर. मग तुम्ही लॉट परत पाठवणार होतात? की या वेळी रिवाज मोडून, माल पास करूनही वांगी घेणार होतात? की तुम्हाला नुसती वांग्याची भाजी खावीशी वाटली होती, आणि मीच त्यात अर्थ शोधत बसलोय?

तो विचार माझ्या मनातून जाईना म्हणून मी कारखान्यात गेलो. तेव्हाच नव्या माणसाने हिरवी चिठ्ठी लावली, ते वर सांगितलंच. पण मी तिथून परत न येता मशीन जोडतात त्या शेडमध्ये गेलो. रफिकभाई भेटले. तुमच्या कारखान्यात इतकी वर्षं मशीनं जोडणारे, त्यांना खरं माहीत असणार असं वाटलं.

"भाऊ शुक्रवारीच येऊन गेले ना," रफिकभाई म्हणाले. "तुमची एक प्लेट लावली आम्ही. चालली की. प्लेटमागं कडं असते, त्या कॉलरले खाच हाय, थोडं फिरवलं की जबड्याचं टायमिंग जुळते."

"मग ते काय म्हणाले?"

"गुस्सा झाले. म्हने, रफिक, आज तू इथी जुळवून देशील. उद्या कोनत्या गावात दालमिलवाल्याची प्लेट घिसली, त्यानं नवी लावली, तर त्याले कोन जुळवून देईन? जबडा अवेळी मिटन आन् समदी डाळ जमिनीवर. म्हने, हा माल वापस जाईन."

म्हणजे शुक्रवारी नापास. मला थोडं हायसं वाटलं, निदान एक बाजू लागली. म्हणून डिझाइनच्या मॅडमना फोन केला. अक्षरं टाकायला विसरलेल्या त्याच त्या. बिचाऱ्या फोनवर रडल्या. म्हणाल्या, "सरांचा शनिवारी दुपारी फोन आला होता. ओरडले नाहीत. म्हणाले, पुढच्या ड्रॉइंगवर ए, बी, सी टाका. मी विचारलं, सर, आता आलेल्या लॉटचं काय करायचं? तर म्हणाले, प्रमोदला सोमवारी बोलावतो, त्याच्याशी बोलतो, मग सांगतो."

मी फोन ठेवला आणि दिवस बोटांवर मोजले.

म्हणजे तुम्ही ठरवलंच नव्हतं. शुक्रवारी एक, शनिवारी दुपारी दुसरं, संध्याकाळी मला तिसरं आणि घरी चौथं. मला वाटायचं, तुमचं पक्कं असतं आणि मीच डळमळतो. आता असं वाटतंय की त्या आठवड्यात तुम्हीही माझ्यासारखेच रात्री कुशी बदलत होतात. आणि ठरवायच्या आधी माझ्याशी बोलायचं होतं तुम्हाला. हे मला आधी कळलं असतं तर मी रविवारीच आलो असतो. पण रविवारी येऊन तरी काय, तुम्ही सकाळीच गेलात.

मी तुमच्या "पन" च्या पुढे काय असेल ते रोज भरून पाहतो. पन पुढच्या वेळी भोकांना बांधून मोज. पन एवढा लॉट परत ने, माझ्यासाठी ने. पन आपण दोघंही चुकतो आहोत. एखाद्या दिवशी वाटतं, तुम्ही म्हणाला असाल, पन वांगे घेऊन ये. त्यापलीकडे माझी मजल जात नाही. प्रत्येक उत्तर तुमच्या आवाजात बरोबरच वाटतं, हीच अडचण आहे.

कधी कधी रागही येतो. इतक्या वर्षांत अर्धं बोलून तुम्ही कधी फोन ठेवला नव्हता. आणि मग त्या दुपटीची आठवण येते, त्या खडूच्या रेघांची, साखर जास्त झालेल्या चहाची, आणि वाटतं, मला नीट मोजायला जे काही येतं त्यातलं निम्मं तुम्ही मला नापास करून शिकवलंत. हे तुम्हाला कधी बोललो नाही. तुमच्यासमोर बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, "गोड बोलून माल पास होत नसते." खरंच झाला नसता.

पुढचं सांगतो. ड्रॉइंग बदललं. चौकटीत अक्षरं आली. आम्ही पकड बदलली, आता भोकं आणि कड एकाच पकडीत कापतो. पहिला लॉट घेऊन मी स्वतःच आलो. खरं तर माझं यायचं कारण नव्हतं, टेम्पोवाल्याबरोबर पाठवला असता तरी चाललं असतं.

लॉटमध्ये एक प्लेट किंचित बाकदार निघाली होती. पोलाद कडक करायला तापवतात, त्यात तशी होते एखादी. टेबलावर दाबून धरून मोजली की कड बरोबर येत होती. मोकळी ठेवून मोजली की बाहेर जात होती. मी अकोल्यालाच दोन्ही प्रकारे मोजली होती आणि रिपोर्टमध्ये दाबून मोजल्याचा आकडा लिहिला होता. कारण मशीनमध्ये ती बोल्टने दाबूनच बसते. मग वाटलं, पण ड्रॉइंगवर दाबून मोजा असं कुठे लिहिलंय? नसेल लिहिलं तर मोकळीच मोजायला हवी. मग वाटलं, पण मोकळी प्लेट मशीनमध्ये कधी असतच नाही. बसमध्ये माझं हेच चाललं होतं. मूर्तिजापूर गेलं तरी मी दोन्हीकडून बोलत होतो, आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता.

नव्या माणसाने रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "सगळं आत आहे, सर."

"ही एक प्लेट मी दाबून मोजली आहे," मी म्हटलं. "मोकळी मोजली तर बाहेर जाते."

"अच्छा. मग रिजेक्ट करू?"

"का बरं? मशीनमध्ये ती दाबूनच बसते ना."

"मग पास करू?"

"पण ड्रॉइंगवर दाबायचं लिहिलेलं नाही."

त्याने रिपोर्ट पुन्हा वरपासून वाचला. चांगला माणूस आहे, पुंडलिकभाऊ. पुण्याकडून आला आहे, कोणाला दुखवत नाही. त्याने पेन उघडलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही इतकी वर्षं हे करताय. तुम्ही सांगाल तसं करतो."

तुमच्या टेबलावर बसून कोणी मला असं म्हणेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी सांगेन तसं करणार, म्हणजे मी एकट्यानेच बरोबर असायचं आणि एकट्यानेच चुकायचं. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "पेन ठेवा. ती प्लेट हातात घ्या. तुम्हाला काय वाटतं ते सांगा, मग मी त्याच्या उलट बोलतो."

तो घाबरला असावा. पण त्याने प्लेट उचलली, सपाट टेबलावर ठेवली, एका टोकाला बोट टेकवलं. दुसरं टोक किंचित हललं. त्याने पुन्हा टेकवलं, पुन्हा हललं. बराच वेळ तो तेच करत राहिला. बाहेर रफिकभाईंच्या शेडमधून एक मशीन सुरू झाल्याचा आवाज येत होता.

"सर," तो शेवटी हळूच म्हणाला, "मला वाटतं, ही मोकळीच मोजली पाहिजे."

मी दोन्ही कोपर टेबलावर टेकवले आणि विचारलं, "काहून?"